मांडव्यापासून श्रीवर्धनपर्यंत

मुंबईत राहून मे महिन्याच्या सुट्टीत परत समुद्रावरच कशाला जायचं, असं आमच्याकडे दरवर्षी कोणीतरी विचारतंच. मला त्यात काही वावगं वाटत नाही. मुंबईचा समुद्र मला प्रिय आहे पण तो बघायचा समुद्र आहे, मरीन ड्राइव्हला कठड्यावर बसून बघायचा, वरळीला गाडीतून बघायचा, आणि जुहूला रविवारी गेलं तर पाण्यापर्यंत पोचेपर्यंतच लेक दमते. सुट्टीत हवा असतो तो पायाला लागणारा समुद्र, सकाळी उठून चहाच्या आधी जाऊन येता येईल असा. त्यात आमचं मूळ गाव कराडकडचं. लहानपणी मे महिन्यात आमची चाळ अर्धी रिकामी व्हायची, कोणी गुहागरला, कोणी मालवणला, कोणी देवगडला, आणि जूनमध्ये ती पोरं रापून काळी होऊन परत यायची, सोबत फणसपोळी आणि आमसुलं. आम्हीही गावी जायचो, कृष्णा-कोयनेच्या प्रीतिसंगमावर डुंबायचो, ती मजा होतीच, पण समुद्र असलेलं गाव आपल्याला नाही ही हुरहुर मला तेव्हापासून आहे आणि अजून गेलेली नाही. म्हणून कुठल्या समुद्रावर जायचं हा माझ्यासाठी नुसता बुकिंगचा विषय नसतो.

गेल्या मे महिन्यात एकाच फेरीत दोन्ही टोकं बघायला मिळाली. माझ्या मावसभावाने, म्हणजे दादाने, मांडव्याच्या पुढे आवास-किहीमच्या पट्ट्यात एक व्हिला भाड्याने घेतला होता आणि खोल्या भरपूर आहेत, तुम्ही पण या म्हणून वहिनी मागेच लागली. आणि तिथून पुढे किनाऱ्याकिनाऱ्याने आम्ही श्रीवर्धनला गेलो, तिथे एका वाडीतल्या घरात खोली घेतली होती, घरगुती जेवणासकट. दोन्ही रायगड जिल्ह्यातच. समुद्र तोच, सुरूची झाडं तीच, दमटपणा पण तोच. एका रात्रीच्या भाड्यात मात्र सरळ दहापटीचा फरक.

आधी व्हिलाचं सांगते, आणि जे चांगलं ते चांगलंच म्हणून सांगते. भाऊच्या धक्क्यावरून रो-रोत, म्हणजे गाड्यांसकट माणसं नेणाऱ्या बोटीत, गाडी चढवली आणि तासाभरात मांडवा. २०२० च्या मार्चमध्ये ही रो-रो सुरू झाली आणि अलिबागचं सगळं गणितच बदललं, नाहीतर पनवेल, पेण, वडखळ करत शंभरेक किलोमीटर आणि वडखळला अडकलात तर किती वेळ ते देवाला ठाऊक. सासूबाईंना गुडघ्याचा त्रास आहे, त्यांना गाडीतून न उतरवता बोटीत नेता आलं, डेकवर खुर्चीत बसून त्यांनी गेटवे मागे पडताना बघितला, लग्नानंतर पहिल्यांदाच बोटीत बसले म्हणाल्या. व्हिलात त्यांच्यासाठी खालच्या मजल्यावर खोली, कमोड, धरायला दांडी, एसी. मे महिन्यातल्या कोकणात रात्री एसी असणं ही चैन नाही, सत्तरीच्या बाईसाठी ती झोप आहे. मुलांना पोहायला स्वच्छ पूल, आणि मेच्या शेवटी समुद्र खवळायला लागलेला असताना पोरं पुलात आहेत म्हटल्यावर आया निवांत बसतात, हे मी स्वतः अनुभवलं. जेवण करायला एक मावशी होत्या, त्यांच्या हातची तांदळाची भाकरी आणि कोलंबीचं कालवण अजून आठवतं. पैसेवाल्यांच्या जागेला नुसती नावं ठेवायची सवय आपल्या मराठी माणसांना असते, ती मला पटत नाही. आराम हा आराम असतो.

पण समुद्रावर जायचं म्हटलं की गंमत व्हायची. व्हिला समुद्रापासून पाच मिनिटांवर, असं सांगितलं होतं आणि ते खरंही होतं, फक्त ती पाच मिनिटं दोन उंच भिंतींच्या मधून. एका बाजूला दगडी कंपाउंड, त्यावर बोगनवेल, त्यावर कॅमेरा, दुसऱ्या बाजूला तसंच, आणि मध्ये जेमतेम एक माणूस आणि एक सायकल जाईल एवढी वाट. कुणाच्या अंगणाचा आवाज नाही, कोंबडी नाही, वाळत घातलेलं काही नाही. गेट दिसतात, घरं दिसत नाहीत. शेवटी वाळू लागते आणि मग समुद्र, सुंदर, मोकळा, संध्याकाळी सहा वाजतासुद्धा जवळपास रिकामा. दादा म्हणाला, बघ, याचेच पैसे आहेत. बरोबर होतं त्याचं, त्या रिकामेपणाचेच पैसे होते. पण मे महिन्याच्या सुट्टीत, समुद्रकाठच्या गावात, गावातलं एकही पोर किनाऱ्यावर का नाही, हा प्रश्न माझ्या डोक्यातून जाईना.

तो प्रश्न मी व्हिला सांभाळणाऱ्या गृहस्थांना विचारला. गावातलेच होते, बोलके. म्हणाले, "पोरं जातात ना ताई, पण पलीकडून, बंदराच्या रस्त्याने. या बाजूला पूर्वी तीन वाटा होत्या, आता एकच राहिली." आणि मग हाताने दाखवत सांगायला लागले, ही कुणाची भातजमीन, ती कुणाची चिंच, इथे पावसात सुगरणीची घरटी लोंबायची. सुगरणीचं ऐकून मी दचकलेच, कारण याच किहीमला सलीम अलींनी १९३० च्या सुमारास सुगरण पक्ष्यांचा अभ्यास केला होता, नर अर्धवट घरटी बांधतो आणि मादी बघून पसंत करते वगैरे जे आपण ऐकत आलो ते त्या कामातून बाहेर आलेलं. 

आणि अलिबाग तालुक्यात जमीन या शब्दाला वजन आहे हो. इथल्याच चरी गावी १९३३ मध्ये कुळांनी, म्हणजे दुसऱ्याची जमीन कसणाऱ्यांनी, जमीनदार खोतांविरुद्ध संप केला, नारायण नागू पाटलांच्या पुढाकाराने, आणि तो १९३९ पर्यंत चालला. इतकी वर्षं लोकांनी शेतं पडीक ठेवली, लाकडं तोडून विकली, हाल काढले, पण खोताची जमीन कसली नाही. बाबासाहेब आंबेडकर त्यांच्या बाजूने उभे राहिले. पुढे कुळांना कायद्याने हक्क मिळाले त्यामागे या खारेपाटातल्या माणसांचा मोठा वाटा आहे. कसेल त्याची जमीन म्हणून जी मिळवली ती आता गुंठ्यावर विकली जाते. विकणाऱ्याला मी दोष देणार नाही, भातशेतीत काय सुटतं ते ज्याचं त्याला माहीत, मुलीचं लग्न, मुलाचं शिक्षण, आजारपण, आणि समोर कोणी एवढे पैसे ठेवले तर कोण नाही म्हणेल. पण विकताना जमिनीबरोबर वाट पण जाते, त्याचा भाव कोणी लावत नाही. भरतीच्या रेषेखालचा किनारा कुणाच्याही खाजगी मालकीचा नसतो, तो सगळ्यांचा आहे. १९९१ पासून सीआरझेडचे, म्हणजे किनाऱ्यालगतच्या बांधकामाचे, सरकारी नियम आहेत, किनाऱ्यापासून किती अंतरावर काय बांधायचं आणि काय नाही ते त्यात सांगितलंय. किनारा सगळ्यांचा राहिला, पण त्याच्यापर्यंत जायची वहिवाट बंद झाली की तो ज्याच्या कंपाउंडला लागून आहे त्याचाच झाल्यासारखा होतो. मला महागड्या समुद्रकाठाबद्दल जे खटकतं ते एवढंच आहे. तिथला एसी किंवा पूल नाही खटकत.

अलिबाग म्हणजे नुसता हा पट्टा नाही हेही सांगायला हवं. अलिबाग शहर स्वतः साधंच आहे, एसटी स्टँड, कोर्ट, बाजार, पांढऱ्या कांद्याच्या वेण्या टांगलेली दुकानं, आणि ओहोटीला चालत जाता येतो तो कुलाबा किल्ला. शिवाजी महाराजांनी १६८० मध्ये तो बांधायला घेतला, पुढे कान्होजी आंग्र्यांचं आरमार इथूनच चाललं. ओहोटीची वेळ साधून कुटुंबंच्या कुटुंबं चप्पल हातात घेऊन किल्ल्याकडे निघालेली असतात, आत गणपतीचं दर्शन घेतात, आणि पाणी चढायच्या आत परत. आम्ही पण गेलो. त्या गर्दीत मला व्हिलाच्या रिकाम्या किनाऱ्यापेक्षा जास्त सुट्टी लागल्यासारखं वाटलं. वरसोली-नागावला पण वाडीतली घरगुती ठिकाणं अजून आहेत, म्हणजे अलिबागमध्ये दोन्ही आहे, फक्त मांडव्याच्या बाजूला तराजू एकीकडे फार झुकलाय.

मग दादा-वहिनी रो-रोने परत गेले, सासूबाई पण त्यांच्याबरोबर, आणि आम्ही तिघं गाडी घेऊन दक्षिणेला निघालो. हा रस्ता एकदा तरी करावाच. चौल-रेवदंडा, साळावचा पूल, डोंगरावरचा कोर्लई, मग काशीद, मग मुरुड, आणि पाण्यात जंजिरा. आगरदांड्याला गाडी जंगल जेट्टीत, म्हणजे खाडी ओलांडणाऱ्या फेरीबोटीत, चढवायची आणि पलीकडे दिघीला उतरायचं. काशीदला बोर्ड रिसॉर्टचे, पूल साइड, सी व्ह्यू असे. मुरुडच्या पुढे तेच बोर्ड हाताने रंगवलेले होत जातात, घरगुती जेवण, राहण्याची सोय, उकडीचे मोदक ऑर्डरप्रमाणे. दिघी ओलांडली की दिवेआगर, तिथून भरडखोल, शेखाडीवरून श्रीवर्धनचा रस्ता जातो तो तर समुद्राला अगदी खेटून, डावीकडे डोंगर आणि उजवीकडे खडकांवर फुटणारं पाणी. लेक खिडकीतून डोकं आत घ्यायला तयार नव्हती.

श्रीवर्धनच्या काकूंनी फोनवर सगळ्यात आधी विचारलं होतं ते, "जेवायला किती पानं?" खोली कशी हवी, समुद्र दिसायला हवा का, काही नाही. पानं किती आणि मासे खाता का, कारण त्या घरात मासे होत नाहीत, हवे असतील तर शेजारच्या आळीत सोय करून देते म्हणाल्या. खोली साधी, चुन्याच्या भिंती, पंखा, मच्छरदाणी, बाथरूम बाहेर पडवीला लागून, आणि लाइट दुपारी एकदा आणि रात्री एकदा गेले ते बराच वेळ. रात्री घामाने जीव नकोसा झाला, हेही सांगते. सासूबाईंना इथे आणलं असतं तर त्यांचे हाल झाले असते.

पण समुद्राकडे जायची वाट! घराच्या मागच्या दारातून निघायचं, विहिरीच्या कट्ट्यावरून, मग सुपारीच्या वाडीतून. वर नारळ, खाली सुपारी, सुपारीवर चढलेली मिरवेल, मधून पाण्याचे पाट, त्यामुळे बाहेर रणरणतं ऊन असलं तरी वाडीत गार. एका सपाट जागी काकूंनी सुपांमध्ये रातांब्याची सालं वाळत घातली होती. लेकीला त्यांनी बसवून दाखवलं, फळ चिरायचं, बी काढायची, गर आणि रस मिठात वेगळा ठेवायचा, मग ती सालं त्याच रसात बुडवायची आणि उन्हात टाकायची, संध्याकाळी परत रसात, सकाळी परत उन्हात, असं रंग काळपट जांभळा होईपर्यंत. लेकीची बोटं मुंबईला परत येईपर्यंत लाल होती. आगोटीची घाई होती घरात, पावसाच्या आधी आमसुलं, फणसपोळी, सांडगे, सरपण सगळं व्हायला हवं, आणि आम्ही पाहुणे त्या घाईच्या मधूनच दिवसातून चार वेळा समुद्रावर जात होतो. कोणाला त्याची अडचण नव्हती. वाडीच्या शेवटी गडग्यात एक फट, ती ओलांडली की सुरूचं बन आणि मग तीनेक किलोमीटरचा किनारा. त्याच फटीतून शेजारच्या घरातली पोरं यायची, कुत्रं यायचं, संध्याकाळी दोन आज्या फिरायला जायच्या.

आणि काका. पहिल्याच दुपारी आम्ही टॉवेल घेऊन निघालो तर त्यांनी थांबवलं. भिंतीवरच्या कॅलेंडरवर तिथी बघितली आणि म्हणाले, "आज षष्ठी, सहाची पाऊणपट साडेचार, साडेचारला भरती भरेल. आता जा, कडेकडेने खेळा. पाचनंतर पाणी उतरायला लागलं की पोरीला गुडघ्याच्या पुढे सोडू नका, ओहोटी आत ओढते." आम्ही साडेचारला घड्याळ लावून वाळूत बसलो आणि पाणी खरंच साधारण त्याच सुमारास थांबून वळलं. तिथीला पाऊणने गुणायचं, चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ, दोन्ही पक्षांत तेच. भरती रोज पाऊण-एक तास पुढे सरकते त्याचा हा साधा हिशेब, किनाऱ्यावरच्या घराघरात माहीत असलेला. लेक आता मुंबईत पण करते, मरीन ड्राइव्हला जायच्या आधी तिथी विचारते. व्हिलात आम्हाला एक छापील कागद दिला होता, पोहणे स्वतःच्या जबाबदारीवर. तो नियमाला धरून होता, त्याबद्दल तक्रार नाही. पण इथे एक माणूस आमच्या मुलीची जबाबदारी न मागता घेत होता, आणि समुद्राबद्दल त्याला जे माहीत होतं ते तिच्या हातात देत होता. साध्या गावात मला हवं असतं ते हेच.

हे सगळं आपोआप टिकलेलं नाही. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ याच भागावर येऊन धडकलं, अलिबागच्या दक्षिणेला, आणि श्रीवर्धन-दिवेआगरच्या वाड्या झोपल्या. श्रीवर्धनी रोठा म्हणजे सुपारीत नावाजलेली, मोठी, मऊ, पिढ्यानपिढ्या लावलेली झाडं. काकांच्या वाडीत अर्ध्याहून जास्त मोडली, मधोमध पिळून तुटली म्हणाले. सुपारी लावल्यावर उत्पन्न द्यायला पाच-सात वर्षं घेते, नारळालाही जवळपास तेवढीच. मधली वर्षं घर कशावर चालवायचं? म्हणून मागच्या दोन खोल्या पाहुण्यांसाठी काढल्या. म्हणजे आम्ही दिलेले खोलीचे दोन हजार आणि ताटाचे अडीचशे हे नुसते राहण्या-खाण्याचे नव्हते, वाडी परत उभी राहीपर्यंत ती विकावी लागू नये यासाठी ते चालले होते. आम्हाला काकांनी नवी लागवड फिरून दाखवली, माझ्या खांद्याच्या वर गेलेली झाडं, काहींना नुकतं कुठे धरायला लागलेलं. जमीन राहिली तर वाट राहील, आणि वाट राहिली तर समुद्र गावाचा राहील, हे मला तिथे उभं राहून समजलं, आणि तेव्हापासून कुठे जायचं हे ठरवताना मी भाव बघायच्या आधी पैसे कुणाकडे जातायत ते बघते.

साध्या गावांचं सगळंच चांगलं आहे असं मात्र नाही. शनिवारी दुपारनंतर श्रीवर्धनच्या किनाऱ्याची रया गेली. जीप सरळ वाळूत, चारचाकी बाइकवाले मुलांच्या मधून, मोठे स्पीकर, आणि सकाळी सुरूच्या बनात पत्रावळ्या, बाटल्या, चिप्सची पाकिटं. मुंबई-पुण्याचीच माणसं, आपलीच. व्हिलाच्या किनाऱ्यावर हा कचरा नव्हता हे मला मान्य करायलाच हवं. स्वस्त ठिकाण म्हणजे कसंही वागायचं ठिकाण असा जो समज आहे ना, त्याने या गावांचं जेवढं नुकसान होतंय तेवढं क्वचितच दुसऱ्या कशाने होत असेल. काकू सोमवारी सकाळी झाडू घेऊन वाडीमागचा भाग स्वतः झाडत होत्या, मी पण पोतं धरलं.

आणि आता रेवस-रेड्डी सागरी महामार्गाची कामं चालू आहेत, रेवस-करंजाला पूल, आगरदांडा-दिघीला पूल. अटल सेतू २०२४ च्या जानेवारीतच सुरू झाला. उद्या मुंबईहून श्रीवर्धन आजच्यापेक्षा बऱ्याच कमी वेळात येईल, दवाखान्यासाठी, कॉलेजसाठी, मासळीच्या गाडीसाठी ते व्हायलाच हवं, जंगल जेट्टी बंद असली की अडकणाऱ्या माणसाला विचारा. पण त्याच रस्त्याने जमीन बघायला येणारे पण येतील, काकांकडे आत्ताच दोघं येऊन गेले होते. ग्रामपंचायती आणि नगरपरिषदांनी आजच गावातल्या समुद्राकडे जाणाऱ्या वाटा मोजून नकाशावर पक्क्या कराव्यात असं मला फार मनापासून वाटतं. नंतर भिंत उभी राहिली की कोर्टात वर्षं जातात.

या वर्षीचं आमचं ठरलंय. सासूबाईंना घेऊन दोन दिवस नागावला, तिथे वाडीतच पण खाली कमोड आणि एसीची खोली असलेलं एक घर मिळालंय, भाडं व्हिलाच्या पाव हिश्श्यात. नंतर आम्ही तिघं श्रीवर्धनला, सोमवार ते गुरुवार. दादाने पण काकूंचा नंबर मागितलाय, पाच कुटुंबं मिळून जायचं म्हणतोय. नंबर दिला, पण त्याला सांगितलं की शनिवार-रविवार टाळ, एका वेळी दोनच कुटुंबं जा, स्पीकर घरी ठेव, गाडी वाळूत नको, आणि पानं किती ते दोन दिवस आधी कळव.